वेताची मांडी

खुर्ची उलटी केली आणि वुर्यानीला एकदम कळलं, की हिच्यात आपण कधी बसलेलोच नाही. जिना संपला हे ध्यानात न येता पुढचा पाय टाकावा, तसं आत काहीतरी धस्सकन खाली गेलं. हातात नारळाच्या हिरांचा कुंचा होता. ओसरीवर सकाळचं ऊन आलं होतं, आणि खुर्चीचे चारी पाय उताण्या पडलेल्या बकरीसारखे आभाळाकडे होते. लग्न होऊन ती सेमारांग बंदराच्या या खालच्या गल्लीत आली तेव्हा खुर्ची सासऱ्यांची होती, मग नवऱ्याची झाली, दाल्योनोची. आणि तो गेल्यावर कुणाची म्हणून नव्हती, तरी थोरले दीर हार्सोयो आले की सरळ तिच्यातच बसत. वुर्यानीने मात्र ती पुसली होती. दर आठवड्याला, गुरुवारी, मागीलदारी मोगरा वेचायच्या आधी. खुर्चीच्या हातांवरच्या रेघा तिला पाठ होत्या, डाव्या मागच्या पायावर भरतीच्या पाण्याने काढलेली पांढुरकी रेघ पाठ होती, पाठीच्या जाळीत कुठल्या भोकात कापसाची किटाळं अडकतात ते पाठ होतं. खुर्चीचं पोट तिला माहीत होतं, मांडी माहीत नव्हती. तिला हसू आलं. हसू आलं आणि छातीत काहीतरी थुईथुई करायला लागलं, लहानपणी जत्रेला निघायच्या सकाळी करायचं तसं. आणि हे कसलं, कशाचं, हे तिला सांगता येईना. उद्या मुलीला मागणी घालायला कुदुसहून तेगरची माणसं येणार होती, ते तर महिनाभर ठाऊकच होतं. ही थुईथुई त्याची नव्हती. ही आत्ताची होती.

"खुर्चीशी काय हसतेस?" फाटकातून काढेवाली तुंपुक म्हणाली. तिच्या पाठीवरच्या टोपलीत बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. "म्हातारपणी नवरा दिसायला लागला की काय?"

"नवऱ्याची खालची बाजू दिसली, यू," वुर्यानी म्हणाली. गल्लीतल्या सगळ्या तुंपुकला यू म्हणत, थोरली बहीण या अर्थाने. ती धाकटी असली तरी.

"शी, काय बाई बोलते. पोरीची मागणी उद्या आणि आईच्या जिभेला हाड नाही." तुंपुक पायरीवर टेकली, हळद-चिंचेचा काढा पेल्यात ओतला. "घे. आवाज मोकळा होईल."

"माझ्या आवाजाचं उद्या काय काम? बोलायचं ते मास हार्सोयो बोलणार." थोरल्या दिरांना ती मास म्हणे, दादा म्हणावं तसं.

"तेच म्हणते. तो बोलायला लागला की पाहुणे झोपतात. मग तू गा."

काढा आंबटगोड होता आणि घशाखाली ऊन ऊन उतरत गेला. वुर्यानीने कुंचा टाकून मऊ ब्रश घेतला. आधी कोरडी धूळ, मग पाणी. आधी पाणी लावलं की धुळीचा चिखल होतो आणि वेताच्या विणीत घट्ट बसतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हातांनीच कधीतरी शिकून घेतलं होतं. रिठे रात्रीच भिजत घातले होते. त्यांचा फेस तिने फडक्यावर घेतला, फडकं पिळून पिळून जवळजवळ कोरडं केलं आणि सागाच्या अंगावरून रेघांच्या दिशेने फिरवलं, मांजराच्या पाठीवरून फिरवावं तसं, उलटं कधी नाही. फडक्यावर काळं आलं. अजून काळं आलं. आणि मग लाकूड दिसायला लागलं, पिवळं, मधासारखं, वास सुटला, चामड्याचा आणि तेलाचा आणि पावसानंतरच्या मातीचा एकत्र असा तो वास, आणि त्या वासासरशी ती ब्लोराला गेली. ब्लोराच्या टेकड्यांवर नुसता साग. बाप जंगलखात्यात झाडांना पट्टे मारायचा. कोरड्या दिवसांत साग पानं टाकायचा, एकेक पान सुपाएवढं, आणि ते पडताना आवाज यायचा, कुणी लांबच्या घरात दार लोटावं तसा. कोवळं पान चुरगाळलं की तळवे लाल व्हायचे. ती आणि तिच्या मैत्रिणी तळहात लाल करून नवऱ्या व्हायच्या, वाळक्या पानांच्या ढिगावर बसायच्या आणि जी बसेल तिने गायचं असा नियम होता. सागाच्याच पानात बांधलेला भात, त्याला पानाचा तांबूस डाग. काय गायचो आपण? तिने आठवून पाहिलं. जुनं काही आठवेना. पण हात चालत होते आणि हातांच्या लयीत ओठांवर दुसरंच आलं, तिथल्या तिथे जुळलेलं—

सागाच्या गं अंगावर ऊन आलं मधाचं
वेताच्या गं जाळीमध्ये घर झालं वाऱ्याचं

ती थांबली. आवाज अजून होता. थोडा खरखरीत, कडेने झिजलेला, पण होता. हा आवाज एके काळी सेमारांगच्या आकाशवाणीवरून शनिवारी संध्याकाळी लोकांच्या घरात जायचा. ब्लोराहून बसने यायची, स्टुडिओतल्या वेताच्या बाकावर पाय वर घेऊन बसायची, लाल दिवा लागायचा आणि ती गायची. आणि दिवा विझला तरी अंग कितीतरी वेळ झणझणत राहायचं. मग मागणी आली. दाल्योनोकडची माणसं बैठकीत बसली होती, ती पडद्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पाहुण्यांमधल्या कुणीतरी विचारलं, मुलगी रेडिओवर जाते म्हणे. आणि तिचा काका, बापाच्या वतीने उत्तर द्यायला बसलेला भला माणूस, मानाच्या बोलीत गोड हसून म्हणाला, त्याचं काय एवढं, सोडेल की. ट्रेमधल्या पेल्यांवरची झाकणं वाजली. इतकंच. कुणी दुष्ट नव्हतं. दाल्योनो तर गरीब गाय; म्हणायचा, घरात गा की, मी ऐकतो. आणि ऐकायचा, या खुर्चीत बसून, डोळे मिटून, बऱ्याचदा घोरत.

जाळी तिने नुसत्या ओल्या बोटांनी आणि ब्रशने धुतली. मग नारळाचा चोथा सुती कापडात बांधून सागावर चोळला, आणि वरून केळीची वाळकी पानं. पान कुरकुरतं, मोडतं, आणि मोडता मोडता लाकडाला अशी चमक देतं की डब्यातलं कुठलंही रोगण देणार नाही. तिला घाम आला होता. केस कपाळाला चिकटले होते. गल्लीच्या टोकाशी भरतीचं पाणी चढत असणार, गटाराचा आवाज बदलला होता. कुठल्या तरी जहाजाचा भोंगा झाला. वुर्यानीने मान वर केली. प्रत्येक भोंग्याला ती मान वर करायची, कारण त्या जहाजाशी आत्ता बोलत असेल ती विदुरी, तिची मुलगी, बंदराच्या मनोऱ्यात बसलेली, कानाला यंत्र लावलेली. या, थांबा, डावीकडे घ्या, मागे मोठं येतंय, सांभाळा. परक्या देशांचे दाढीवाले कप्तान तिच्या पोरीचं ऐकतात. एकदा वुर्यानी वर जाऊन आली होती. खाली सगळा समुद्र, आणि विदुरीचा आवाज सपाट, शांत, न हलणारा. घरी अंडं फुटलं तरी किंचाळणारी मुलगी ती हीच का, असं वाटलं होतं.

दुपारी हार्सोयो आले. मोठं शरीर, मोठं हसू, खिशात दातकोरणी. खुर्ची ओसरीवर उलटीच होती, म्हणून ते बाकावर बसले आणि बसताना जरा बेचैन झाले. "वुर, छान काढलीस गं. पण रोगण मार वरून. कुदुसची माणसं, पैसेवाली, त्यांना चकाकी दिसली पाहिजे."

"रोगणाने वेताचा श्वास कोंडतो, मास."

"वेत श्वास घेतो होय? बरं बरं." ते हसले. मग घसा साफ करून उद्याचं उत्तर म्हणून दाखवायला लागले, मानाच्या बोलीत, लांबच लांब, दारातल्या उंबऱ्यापासून पूर्वजांपर्यंत सगळ्यांची क्षमा मागत. वुर्यानी पान फिरवत ऐकत होती. शब्द सुंदर होते, पण त्यांना ते कुठे तोडायचे हे कळत नव्हतं. आणि मग शेवटाला ते सहज म्हणाले, "आणि ते मनोऱ्याचं. तेगरच्या आईचा फोन होता. लग्नानंतर मुलीने कुदुसला राहावं, दुकान बघावं. म्हटलं, त्याचं काय एवढं, सोडेल की."

पान तिच्या मुठीत मोडलं. तेच शब्द, जसेच्या तसे. जणू ही वाक्यं माणसांची नसतातच. बैठकीत कुठेतरी ठेवलेली असतात आणि जो बसेल त्याच्या तोंडून निघतात.

"विदुरीला विचारलं?" तिने विचारलं.

"पोरीला काय विचारायचं? तेगर आवडतो ना तिला? मग झालं. उद्या मागणीच्या वेळी अटी घालत बसायचं का आपण? शोभतं का ते?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. "तू नको घाबरूस. मी आहे ना. उत्तर नीट देतो."

ते गेले. विदुरी पाळी संपवून आली, चपला काढल्या, आईकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. "पाकदे हो म्हणाले ना?" थोरल्या काकांना ती पाकदे म्हणे, आईला बू. ती ओसरीच्या फरशीवर खुर्चीशेजारी फतकल मारून बसली. "बू, मला तेगर हवाय. मनोराही हवाय. हे दोन्ही एका दमात म्हटलं की पाकदे असे हसतात, जसं काही मी दोन नवरे मागतेय."

"तेगर काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मी सेमारांगला बदली घेतो. मला म्हणतो. आईसमोर त्याचं ततपप होतं. उद्या त्याने तोंड उघडायचं नसतंच. मी पण नाही. मला फक्त शेवटी विचारणार, आणि मी मान खाली घालून हूं म्हणायचं." तिने सागाच्या हातावर गाल टेकला. "किती गुळगुळीत केलंस गं. वास बघ."

वुर्यानीने पाणी उकळायला ठेवलं. खुर्चीची मांडी मधे खचली होती, इतक्या वर्षांच्या पुरुषांनी, बशीसारखी खोल. वेत सैलावला की खालून कढत पाण्याने भिजवायचा, वरून नाही, आणि सावलीत, वाऱ्यावर, अंगावर काहीही न ठेवता सुकू द्यायचा. सुकता सुकता तो आखडतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. तिने पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. ब्लोराला सगळ्याच बायका टाकत. मिठाने वेत कणखर राहतो, बुरशी धरत नाही. फडकी कढत पाण्यात बुडवून तिने पोटाला लावली आणि वाफ तिच्या चेहऱ्यावर आली, बोटं भाजली, आणि सकाळची ती थुईथुई पुन्हा सुरू झाली, अधिक जोराने, आता पोटात, मनगटांत. वेत तडतड बोलत होता. विदुरी म्हणाली, "बू, तू गातेयस."

"मी?"

"मघापासून. मला वाटलं शेजारी रेडिओ लागलाय."

सकाळी वुर्यानीने खुर्ची सुलट केली, बैठकीत तिच्या जागी, दाराकडे तोंड करून ठेवली आणि तळवा टेकवला. वरून ताठ होती. तिने खाली हात घातला. थंड. ओलं. आणि एका क्षणात तिला आपली चूक समजली: ब्लोराच्या कोरड्या डोंगरात मीठ चालतं, इथे, जिथे हवाच समुद्रातून येते, मीठ ओल धरून बसतं. सेमारांगमध्ये इतकी वर्षं काढली आणि हात अजून ब्लोराचेच. आता कुणी वजन टाकलं तर वेत कडेच्या खाचेतून उपसून येणार, नाहीतर पहिल्यापेक्षा खोल खचणार, आणि मग तो कधीच वर येणार नाही. तोवर फाटकाशी गाड्या थांबल्या होत्या. कुदुसची माणसं फळांच्या टोपल्या, गोड भाताच्या परड्या घेऊन उतरत होती. पुढे तेगरची आई, बू सुमार्तिनाह, हिरव्या झग्यात, ओठ घट्ट मिटलेली. मागे तेगर, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. पाहुणे लांब बाकावर बसले. आणि हार्सोयो, नव्या बातिक सदऱ्यात, सगळ्यांना हात जोडत, मागे न बघता, खुर्चीत बसायला वाकले.

"मास, तिथे नको," वुर्यानी म्हणाली. "ओली आहे."

ते अर्धे वाकलेलेच राहिले. "ओली?"

"सुकली नाही. बसलात तर फाटेल."

पाहुण्यांत कुणीतरी खोकलं. हार्सोयोंनी खुर्चीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग हसून इकडेतिकडे बघितलं. बैठकीत दुसरी जागा एकच होती, बाकाच्या टोकाला, तेगरच्या मामाशेजारी. ते तिथे जाऊन बसले. मुलीच्या बाजूला आता फक्त रिकामी खुर्ची, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी वुर्यानी. मामाने मागणीचे शब्द म्हटले. सुरेख म्हटले, बागेतलं फूल, वाट चुकलेला प्रवासी, ओंजळभर पाणी. मग उत्तराची वेळ आली. हार्सोयोंनी घसा साफ केला आणि मामाच्या खांद्याला खांदा लावून सुरुवात केली, "आमच्या बाजूने—"

"अहो, तुम्ही तर आमच्या बाजूला बसलाय," बू सुमार्तिनाह म्हणाल्या. "आमचंच मागणं, आमचंच उत्तर. मग इथवर आलो कशाला?"

बाकावर हसण्याची लाट गेली. हार्सोयोही हसले, पण त्यांचं वाक्य हरवलं. त्यांनी ते शोधलं, दोनदा तोंड उघडलं, आणि घामेजून वुर्यानीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बायकांनी उत्तर द्यायला कुणी मनाई केलेली नव्हती. फक्त तसं कधी झालं नव्हतं. पडद्यामागे विदुरीच्या ट्रेमधल्या पेल्यांवरची झाकणं वाजली, अगदी बारीक, आणि वुर्यानीच्या सगळ्या अंगातून ती थुईथुई एकदम घशाशी आली. लाल दिवा लागला. ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर टेकली, नुसत्या सागावर, चार बोटं रुंद लाकडावर. साग कुणालाही तोलतो.

"पाहुणे हो," ती मानाच्या बोलीत म्हणाली, आणि आवाज आला तो शनिवारचा आला, संथ, भरलेला, प्रत्येक शब्द ठेवून दिल्यासारखा. तिने क्षमा मागितली उंबऱ्याची, ओल्या खुर्चीची. तिने म्हटलं की तुमचं फूल आम्हालाही आवडलं, तुमचा प्रवासी आमच्याही वाटेवरचा आहे. बोलता बोलता तिला जाणवलं, की कडेवर बसून हे एवढंच बोलता येतं. पुढचं वाक्य कडेवरून निघणार नाही. त्याला पाठ लागते, टेकायला. ती मागे सरकली. वेत तिच्याखाली थंडगार, ओला, आणि तिला घेत घेत खाली गेला. कुठेतरी एक धागा तुटला. तुटू दे. पाठ सागाला लागली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले, आणि तिथे असे बसले, जणू खुर्चीचे हात त्यांचीच मापं घेऊन केले होते.

"आणि आमच्या मुलीचा आवाज ऐकून जहाजं घरी येतात," ती म्हणाली. "ती तुमच्या घरी येईल, आनंदाने येईल. मनोरा सोडणार नाही. राहणं सेमारांगला होईल. हे आमचं उत्तर आहे. हो आहे. पण असं हो आहे."

तेगर आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. बाहेर कोंबडा ओरडला. मग बू सुमार्तिनाहनी विचारलं, साध्या बोलीत, बाजारात विचारावं तसं, "रात्रपाळी असते?"

"असते."

"मग रात्री तिला आणणार कोण?"

"तेगर," वुर्यानी म्हणाली.

"हा? हा नवाला झोपतो."

"उठेन," तेगर म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं, तोंडातून निसटलं. मामाने कपाळाला हात लावला. बू सुमार्तिनाह मुलाकडे बघत राहिल्या, पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या, आणि त्यांचे मिटलेले ओठ एका कोपऱ्यातून सैल झाले. "दुकान मी अजून दहा वर्षं बघू शकते," त्या कुणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या. "गुडघे तेवढे दुखतात. ते दुकान नसलं तरी दुखतील. बोलवा मुलीला."

विदुरी आली, मान खाली घालून हूं म्हणायला विसरली, सरळ बघून "हो" म्हणाली, आणि तरीही सगळं पार पडलं. बोटात अंगठी गेली. दुआ झाली. जेवणासाठी सगळे आतल्या खोलीकडे उठले. हार्सोयो जाताना खुर्चीपाशी थांबले. "वुर," ते हळूच म्हणाले, "शब्द कुठे तोडायचे, ते तुला बरं कळतं." एवढं म्हणून, पाठ फिरवून, ते भाताच्या वासाकडे गेले. वुर्यानी बसूनच राहिली. बसण्यात इतकं काही असेल याची तिला कल्पना नव्हती. कमरेला, मांड्यांना गारवा चढत होता, खाली वेत तिच्या आकाराचा होत होता, दिवा विझल्यावर झणझणावं तसं अंग झणझणत होतं, आणि तिला जोरात गावंसं वाटत होतं.

"तुम्ही उठत का नाही?" बू सुमार्तिनाह परत आल्या होत्या.

"मागून सगळी ओली झालेय," वुर्यानी म्हणाली. "सगळ्यांसमोर कशी येऊ?"

बू सुमार्तिनाहनी आधी तोंडावर हात घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि भिंतीला टेकून त्या हसल्या, आवाज न करता, शाळेतल्या मुलीसारख्या. "उठा," त्या म्हणाल्या. "मी मागे राहते. माझा झगा रुंद आहे." वुर्यानी उठली. वेताने तिला सोडताना लांब, ओला आवाज केला. बू सुमार्तिनाह तिच्या पाठीला खुर्चीच्या पाठीसारख्या चिकटल्या, दोन्ही हात तिच्या दंडांवर ठेवले, आणि अशा त्या एकीमागे एक, पावलात पाऊल टाकत निघाल्या, दारातल्या मामाला बाजूला व्हायला लावत. "हळू," बू सुमार्तिनाह तिच्या कानाशी म्हणाल्या, "डावीकडे घ्या."